एका खर्चात

एसटी तटाच्या खिंडारातून आत शिरली तेव्हा माझी बहीण नंदा खिडकीला नाक लावून म्हणाली, "आक्का, हे गाव कुणी कोंडून ठेवलंय गं?"

दिसत होतं खरं तसंच. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांची जाडजूड भिंत, तिच्या फटींतून पिंपळ उगवलेले, आणि भिंतीच्या आत अख्खं गाव. घरं, शाळा, बाजारपेठ, नारळी-पोफळीच्या वाड्या. आम्ही दोघी लोणंदच्या. समुद्र कधी पाहिलेला नव्हता. किल्ला म्हणजे डोंगरावर असतो आणि तिथं माणसं राहत नाहीत, एवढंच आम्हाला ठाऊक. इथं तर तटावर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या.

"पोर्तुगिजांचा कोट आहे," पुढच्या बाकावरून माझे यजमान मागे वळून म्हणाले. "शेकडो वर्षांपूर्वीचा. आणि बघायला तिकीट नाही. फुकट!"

फुकट हा शब्द ते असा म्हणायचे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. माझ्या यजमानांचं नाव दिनकर. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत, पण गोष्ट सांगताना सारखं 'हे, हे' केलं तर तुमचा गोंधळ होईल, म्हणून नावच घेते. त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ मुरलीधर बसला होता. तो नंदाचा नवरा. होय, आम्ही दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. एकाच मांडवात, एकाच दिवशी, एकाच भटजींच्या मंगलाष्टकांत.

फलटणच्या कोळपकरांचं भांड्यांचं दुकान होतं. स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या घरात कुणाचा विश्वास बसेना. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जकात नाक्यावर कारकून. दोन मुली उजवायच्या कशा, याचाच त्यांना घोर. आणि ही माणसं म्हणाली, हुंडा नको, मानपान नको, दोन्ही मुली द्या, मांडव एकच घालू, खर्च अर्धा आम्ही उचलतो. अण्णा त्या संध्याकाळी देवापुढे बराच वेळ बसून होते. आई सगळ्या आळीला सांगत सुटली, देवमाणसं भेटली म्हणून.

लग्न मार्गशीर्षात झालं. जेजुरी झाली, सत्यनारायण झाला. मग सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "आता चार दिवस कुठंतरी जाऊन या. आणि वेगवेगळे कशाला जाता? चौघं जा. एका खोलीत भागेल, एका स्टोव्हवर भागेल. एका खर्चात दोघांचं होईल."

दिनकररावांनी मग सगळं ठरवलं. पुण्यापर्यंत एसटी, पुण्याहून अलिबाग, अलिबागहून रेवदंडा. तिथल्या एका वाडीवाल्या वर्तकबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. तांब्याचे हंडे त्यांनी आमच्याकडूनच नेलेले. त्यांच्या वाडीतलं आउटहाउस रिकामं होतं. स्टोव्ह आम्ही बरोबर घेतला, तांदूळ घेतले, मेतकूट, पापड, लोणचं, आणि आईनं दिलेल्या दशम्या. मी पहिल्यापासून काटकसरीत वाढलेली. हा माणूस काटकसर करताना कुढत नाही, उलट खुलतो, हे बघून मला तो आवडायला लागला होता. अजून नीट ओळखही नव्हती, पण आवडायला लागला होता. ते सांगायला हवं.

प्रवासात एकच विघ्न आलं. अलिबागच्या स्टँडवर उतरून सामान लावलं तेव्हा दशम्यांची कापडी पिशवी गाडीतच राहिल्याचं लक्षात आलं. गाडी तोवर सुटली होती. दिनकरराव तिच्यामागं धावले. साधेसुधे नाही, जिवाच्या आकांतानं, "ओ कंडक्टर, ओ कंडक्टर" करत फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत. परत आले तेव्हा घामानं निथळत होते आणि चेहरा पांढराफटक.

"दशम्यांसाठी एवढं?" नंदा मला कोपरानं ढोसत म्हणाली. "आक्का, तुझा संसार काही खरा नाही हं. तेलाची धार मोजून देतील दाजी."

आम्ही दोघी पदरात तोंड लपवून हसलो. मुरलीधर भावजी मात्र हसले नाहीत. ते वळकटीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. देखणा माणूस, नाक सरळ, आवाज मऊ. फार बोलायचा नाही. नवीन आहे, लाजतोय, असंच सगळे म्हणत होते.

आउटहाउस म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. पहिल्याच संध्याकाळी दिनकररावांनी वाटणी केली: "तुम्ही दोघी आत झोपा. आम्ही भाऊ बाहेर पडवीत." वर्तकबाई कंदील द्यायला आल्या होत्या. त्यांनी आमच्या हातांतल्या हिरव्या चुड्यांकडे बघितलं, मग पडवीतल्या दोन अंथरुणांकडे बघितलं, आणि कंदील खाली ठेवून गेल्या. मला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. एका खोलीत चौघांचं आणखी कसं जमणार होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही कोट पाहिला. दिनकररावांनी बाजारातल्या एका म्हाताऱ्याला गाठून सगळी माहिती फुकटात काढली आणि आम्हाला गाईडसारखी सांगितली. वाड्यांच्या मधूनच पडक्या चर्चच्या भिंती उभ्या होत्या. छप्पर नाही, आत नारळाची झाडं. एका ठिकाणी गंजलेली तोफ आडवी पडलेली, तिच्यावर कोंबडी बसलेली. सातखणी म्हणून एक उंच मनोरा होता, त्याचे वरचे मजले ढासळलेले. नंदा सगळीकडे पुढं. ही काय भिंत, ते काय भोक, तिकडं काय आहे, असं तिचं चाललेलं. तोंड एक क्षण बंद नाही. लहानपणापासून अशीच. अण्णा तिला चिमणी म्हणायचे.

मुरलीधर भावजी भिंतीच्या कडेनं चालायचे नाहीत. रस्त्याच्या मधून चालायचे. दिनकरराव त्यांच्या अगदी बाजूला, हात दंडाला लागेल इतक्या जवळ. मला वाटलं, काय भावाभावांचं प्रेम आहे!

तटातल्या एका दिंडी दरवाजातून बाहेर पडलो आणि समोर समुद्र. करड्या वाळूचा लांबच लांब किनारा, डावीकडे खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. मी तर बघतच राहिले. नंदानं चपला फेकल्या आणि निऱ्या वर खोचून पाण्यात पळाली.

भावजी मागंच थांबले. दोन्ही हातांनी त्यांनी कान झाकून घेतले होते.

"दादा," ते म्हणाले, "केवढी बोलतायत."

"लाटा आहेत रे," दिनकरराव म्हणाले. "लाटांचा आवाज आहे. चल, आपण आत जाऊ."

"लाटा नाहीत."

"चल."

त्यांनी भावाला खांद्याला धरून दिंडीतून आत नेलं. नंदा पाण्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. तिचं हसू ओसरत ओसरत गेलं.

दुपारी भांडी घासताना ती मला म्हणाली, "आक्का, एक विचारू? दाजी तुझ्याशी बोलतात?"

"बोलतात की."

"हे माझ्याशी बोलत नाहीत. पण बोलतात. एकटेच असले की बोलतात. लग्नानंतर घरी मी दोनदा ऐकलं. कुणाला तरी सांगत होते, तिला यात ओढू नका. मी दार ढकललं तर खोलीत कुणीच नव्हतं."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "पाठांतर करत असतील काहीतरी. स्तोत्र वगैरे."

"स्तोत्रात 'तिला ओढू नका' असं येतं?"

 नंदानं राख घेतली आणि पातेलं माझ्या हातातून काढून स्वतः घासायला लागली. बराच वेळ ती बोलली नाही. नंदा गप्प आहे, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव म्हणाले, "मी जरा अलिबागला जाऊन येतो. डेपोत पिशवीची चौकशी करतो."

"दशम्या एव्हाना बुरसल्या असतील, दाजी," नंदा म्हणाली. पण हसली नाही.

त्यांचे डोळे लाल झाले होते. दोन रात्री पडवीत त्यांचा डोळा लागला नव्हता, हे मला आतूनही कळत होतं. त्यांनी मला विहिरीपाशी बोलावून घेतलं. "मुरलीला बरं नाहीये. त्याला वाडीबाहेर सोडू नकोस. समुद्रावर तर नकोच."

"काय होतंय भावजींना?"

"ऊन लागलंय," ते म्हणाले आणि गेले. मार्गशीर्ष महिना होता. वाडीत सकाळी शाल घ्यावी लागायची.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. भावजी पडवीत खांबाला टेकून बसले होते. जेवले नाहीत. मी आत भात उतरवत होते, नंदा त्यांच्यापुढं ताट घेऊन बसली होती. तिचा आवाज येत होता, "थोडंसं. दोनच घास. माझ्यासाठी." मग ताट पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर पडवी रिकामी. भावजी वाडीच्या फाटकातून चालत निघाले होते. पळत नव्हते. कुणीतरी बोलावल्यावर माणूस जसा लगबगीनं जातो, तसे चालले होते. नंदा मागोमाग.

"अहो, थांबा! अहो!"

मी चपला न घालताच धावले. बाजारातली माणसं आमच्याकडे बघत राहिली. एक बाई हिरवा चुडा भरलेली, दुसरी तशीच, आणि पुढं एक शांत माणूस. दिंडीतून मी बाहेर आले तेव्हा भावजी गुडघाभर पाण्यात होते आणि थांबत नव्हते. ओहोटी लागली होती. पाणी त्यांच्या दिशेनं येत नव्हतं, त्यांना घेऊन चाललं होतं. नंदा नेसत्या नऊवारीनिशी पाण्यात शिरली. तिनं त्यांचा सदरा मागून धरला. सदरा फाटला. तिनं कंबरेला मिठी मारली. दोघंही पडले, उठले, पुन्हा पडले. एका लाटेत नंदाचं डोकं दिसेनासं झालं.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. तटाच्या पायथ्याशी कोळणी मासळी वाळत घालत होत्या. त्यांतल्या दोघी आणि होडीची डागडुजी करत बसलेला एक बाप्या धावले. कमरेइतक्या पाण्यात शिरून त्यांनी दोघांना बाहेर ओढलं. भावजी झटापट करत नव्हते. वाळूवर आणून बसवल्यावर ते त्या कोळ्याला फार अजिजीनं म्हणाले, "मला जाऊ द्या. मी गेलो तर हिला सोडतो म्हणालेत."

"कोण म्हणलं रं, दादा?" कोळ्यानं विचारलं.

भावजींनी समुद्राकडे बोट केलं.

म्हातारी कोळीण नंदाच्या पाठीवर थापट्या मारत होती. नंदा खारं पाणी ओकत होती. ओकून झाल्यावर तिनं मान वर केली आणि आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "तुजा घरवाला काय गो?" म्हातारीनं विचारलं. नंदानं मान हलवली.  म्हातारीनं आपल्या अंगावरचं फडकं काढलं आणि नंदाच्या खांद्यांवर घातलं.

कोळ्यानं आम्हाला वाडीपर्यंत आणून सोडलं. वर्तकबाईंनी नंदाला कोरडं लुगडं दिलं. भावजी पडवीत थरथरत बसले होते आणि ओठ हलत होते. तेवढ्यात दिनकरराव आले.

त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं.  खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यातून गोळ्या काढल्या, भावासमोर उकिडवे बसले. डाव्या हातानं त्यांनी त्याची हनुवटी धरली, अंगठ्यानं जबडा हलकेच दाबला, गोळ्या जिभेमागं सरकवल्या, पाणी पाजलं आणि गळ्यावरून बोटं खाली फिरवली, गोळी उतरेपर्यंत. मग म्हणाले, "आ कर." तोंडात बघितलं. "शाबास."

सगळं अगदी सराईतपणे. ज्यानं हे वर्षानुवर्षं केलंय, त्यालाच असं येतं.

मी दाराशी उभी होते. दशम्यांच्या पिशवीत काय होतं आणि तो माणूस गाडीमागं का धावला, ते मला त्या क्षणी कळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत भावजींना झोप लागली. नंदा आत पडून होती. मी दिनकररावांना म्हणाले, "जरा चला." वाडीच्या मागं तट लागूनच होता. दगडी पायऱ्यांनी आम्ही वर चढलो. वरून समुद्र दिसत होता, ओहोटीनं दूर गेलेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कॉलेजात होता तेव्हापासून. पुण्याला दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं. गोळ्या वेळेवर गेल्या तर काही होत नाही, रत्ना. दुकानात बसतो, हिशेब बघतो, जुन्या भांड्यांची मोड तोलून घेतो. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत."

"आईला वाटलं, लग्न झालं की सुधारेल."

"आणि दोघी बहिणीच कशाला हव्या होत्या?"

ते तटाच्या फटीतला पिंपळ खुडत राहिले. मी पुन्हा विचारलं.

"परक्याची एकटी पोर आली असती तर आठवड्यात माहेरी गेली असती," ते हळू आवाजात म्हणाले. "बहीण घरात असली, तिचा संसार नीट चालला, तर धाकटी तिच्यासाठी तरी राहील. आईनं तसा विचार केला."

"म्हणजे मी खुंटा. धाकटीला बांधायला आणलेला."

"तसं नको म्हणू. तू मला खरोखर—"

"बोलू नका ते आत्ता."

खाली वर्तकबाईंचा गडी रहाट ओढत होता. त्याचा कुरकुर आवाज येत होता. मी म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं मी नंदाला घेऊन लोणंदला जाते. अण्णांना सगळं सांगते. मग तुम्ही आणि तुमची आई काय उत्तर द्यायचं ते द्या."

दिनकररावांनी दोन्ही हात तटाच्या दगडावर ठेवले. 

"अण्णांना माहीत आहे."

मला आधी अर्थच लागेना.

"साखरपुड्याच्या आधी मी त्यांना दुकानाच्या माडीवर नेलं. आईला न सांगता. सगळं सांगितलं, दवाखान्याचंसुद्धा. मला वाटलं, उठून जातील. देवाशपथ सांगतो, मला वाटत होतं की त्यांनी उठून जावं. गेले नाहीत. चहा संपवला. मग विचारलं, थोरलीचं नक्की आहे ना, तिच्या बाबतीत काही फसवणूक नाही ना? मी म्हणालो, काहीच नाही. तेव्हा म्हणाले, मग ठीक आहे. धाकटी सोशिक आहे."

सोशिक! नंदा! चप्पल चावली तरी गाव गोळा करायची, ती नंदा.

मी खाली उतरले. उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या. नंदा उठून बसली होती. वर्तकबाईंचं लुगडं तिला मोठं झालं होतं, त्यात ती शाळकरी मुलीसारखी दिसत होती. कोपराला खरचटलेलं. तिनं तिची ट्रंक भरायला घेतली होती.

"आक्का, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज बसला होता, पण बोलणं जुन्यासारखं भरभर. "उद्या आपण घरी जायचं. मला त्यांचा राग नाही गं, ते बिचारे काय करणार. पण ह्या लोकांनी फसवलं आपल्याला. अण्णा बघ काय करतील आता! तुला आठवतं, मला मास्तरनं छडी मारली तर अण्णा शाळेत गेले होते? हे तर... अण्णा त्यांच्या दुकानापुढं उभे राहतील. सगळं फलटण गोळा करतील. तू घाबरू नकोस, तुझं काही बिघडू देणार नाहीत ते. अण्णांना फक्त कळायला पाहिजे."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या हातातली साडी काढून घेतली. ती बोलतच होती. सांगावं की सांगू नये, असा विचार करायला मला सवडच नव्हती. सकाळी ती गाडीत बसली असती, आणि दाराशी अण्णांचं तोंड बघून तिला कळलं असतं. ते मला बघवलं नसतं.

"नंदे," मी म्हणाले. "अण्णांना माहीत होतं."

ती थांबली. "काय?"

मी सांगितलं. माडी, चहा, सगळं. सोशिक आहे म्हणाले, तेवढं मात्र सांगितलं नाही.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. ट्रंकेच्या कडेवर हात ठेवून बसली. मग अगदी सावकाश म्हणाली, "हळदीच्या दिवशी ते माझ्याजवळ आले होते. डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, चिमणे, सांभाळून घे गं. मला वाटलं, सगळेच बाप म्हणतात."

"मी तुझ्याबरोबर येते, नंदे. इथं राहू नकोस. लोणंदला नको तर आपण दुसरीकडं—"

"कुठं, आक्का?"

 मामा नव्हते, आत्या स्वतःच दिराच्या घरी. दहावी नापास झालेल्या दोन पोरींना कोण दारात उभं करणार होतं?

नंदा उठली. साड्या पुन्हा घडी घालून ट्रंकेत नीट ठेवल्या, कडी लावली. पडवीत गेली. दिनकरराव भावाच्या उशाशी बसले होते. तिला बघून ते उभे राहिले. धाकट्या मेव्हणीपुढं मान खाली घालून उभे.

"दाजी," तिनं विचारलं, "गोळ्या कधी कधी द्यायच्या?"

त्यांनी सांगितलं. सकाळी एक, रात्री जेवणानंतर दोन, उपाशीपोटी नाही. तिनं नीट ऐकून घेतलं. मग हात पुढं केला. दिनकररावांनी खिशातली पुडी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कमरेला खोचली आणि नवऱ्याच्या पायावरची चादर ओढून नीट केली.

"ते जबडा दाबायचं मला उद्या दाखवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो.  एसटी तटाच्या बाहेर पडली तेव्हा नंदानं खिडकीबाहेर बघितलंही नाही. तिच्या मांडीवर भावजींचं डोकं होतं, औषधाच्या गुंगीनं कलंडलेलं.

पुढं ते बरीच वर्षं जगले. चांगली वर्षं गेली, वाईटही गेली. एकदा दुकानातली सगळी भांडी त्यांनी रस्त्यावर मांडून ठेवली आणि लोकांना घेऊन जा म्हणून विनवलं. एकदा महिनाभर जेवले नाहीत, नंदानं चमच्यानं दूध घातलं. पण नंदावर त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. नंदानं मूल होऊ दिलं नाही. सासूबाईंनी खूप बोलून पाहिलं, तिनं ऐकून घेतलं आणि केलं स्वतःच्या मनासारखं. शेवटी काविळीत ते गेले, तेव्हा त्यांचं डोकं तसंच तिच्या मांडीवर होतं. ती बडबडी मुलगी मात्र त्या वाडीतून परत आली नाही. लागेल तेवढंच बोलायची. आजही तशीच आहे.

माझा संसार चारचौघींसारखा झाला. मुलं झाली, दुकान वाढलं. दिनकरराव माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. मीही नाही. पण ते कधी हसत हसत एखादी वस्तू फुकटात पडल्याचं सांगायला लागले, की मी उठून आत जायचे.

अण्णांचं राहिलं. त्या वर्षी पहिला दिवाळसण होता. दोन्ही जावयांना आणि मुलींना बोलावणं आलं. नंदा जाणार नाही म्हणाली, म्हणून मीही गेले नाही. तेव्हा पाडव्याला अण्णा स्वतः आले. सकाळची वेळ. मी माजघरात फराळाची ताटं करत होते, नंदा अंगण झाडत होती. फाटक वाजलं. मी खिडकीतून बघितलं. अण्णा उभे होते. हातात फराळाचा डबा, डोक्यावर नवी टोपी, वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे झालेले.

"चिमणे," ते म्हणाले.

नंदानं झाडू खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. ओसरीवरची सतरंजी झटकून अंथरली, तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं, सगळं रीतीनं. अण्णा काहीतरी बोलायला बघत होते. ती त्यांच्या बाजूनं निघून माजघराच्या दाराशी आली आणि त्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात मला म्हणाली,

"आक्का, बाहेर ये. तुझ्याकडे पाहुणे आलेत."